दुखत नाही म्हणणारं घर

माझ्या नणंदेला धुलाईखान्यात सगळ्याजणी सांडशी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ द्यायची. मी कधी म्हटलं नाही. मी तिला ताई म्हणते, वयानं ती माझ्याहून थोडी लहान असली तरी, आणि ती मला वहिनी म्हणते. आमचं दोघींचं चांगलं जमतं. तिच्या माहेरच्यांशी, म्हणजे माझ्या सासरच्यांशी, माझं तितकंसं जमत नाही. का जमत नाही ते सांगितल्याशिवाय तिची गोष्ट सांगता येणार नाही, म्हणून दोन्ही सांगते.

आम्ही दोघी एकाच धुलाईखान्यात कामाला. जागा मोठी आहे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असं सगळं गाड्या भरभरून येतं. मळकं एका दारानं आत घेतात आणि पांढरं करून दुसऱ्या दारानं बाहेर काढतात. शेवटच्या टोकाला एक लांबलचक रोलर आहे. ओलसर चादर एका बाजूनं आत घातली, की ती तापलेल्या रोलरवरून फिरून दुसऱ्या बाजूनं कडक होऊन येते, इतकी गरम की हात लावला तर चटका बसेल. ती ओढून घ्यायची आणि आमच्या घडीच्या टेबलाकडे सरकवायची. त्या जागेवर जाड हातमोजे घालून उभं राहायचं, असा नियम. पण मोज्यातल्या बोटांना चादरीचा कोपरा पटकन सापडत नाही, चादर गोळा होते, मागचीचा खोळंबा होतो. ताई मोजे घालायचीच नाही. उघड्या हातानं कोपरे धरून सटासट चादरी ओढायची. म्हणून सांडशी.

मुकादमाला तिचं कोण कौतुक. तिच्यामुळे आमची सगळी रांग पुढे पळायची. घडीच्या टेबलावरची मावशी, जिच्या जिभेला हाड नाही, म्हणायची, "हिचा नवरा बिचारा. भांडणात चिमटा काढायचीसुद्धा सोय नाही." सगळ्या हसायच्या, ताई सगळ्यात जास्त. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, आठवडेच्या आठवडे बाहेर. म्हणून ती मुलीला घेऊन माहेरीच राहायची, आमच्याच घरात.

कुणी गिऱ्हाईक धुलाईखाना बघायला आलं, की मुकादम त्याला रोलरपाशी आणायचा. "ताई, जरा दाखव की यांना." ती रोलरच्या तापलेल्या पत्र्यावर तळवा ठेवायची आणि ठेवूनच समोरच्याशी बोलत राहायची. माणसं हसायची, मोबाइल काढायची. मला त्या हसण्याची शिसारी यायची. त्याहून जास्त शिसारी यायची ती तिच्या चेहऱ्यावरच्या आनंदाची. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी ती उभी असायची. आणि तिचे हात मी जवळून बघितलेले. बोटांची पेरं आखूड झालेली, नखं अर्धी, कुठे नखच नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मेणबत्ती वितळून पुन्हा थिजावी तशी. तळव्याला जुने चट्टे, नवे चट्टे, आणि त्यांच्यामध्ये सतत काहीतरी ओलं. तीच बोटं घरी कणीक मळायची. मी कणीक स्वतःकडे घेतली, तेव्हा सासरे म्हणाले, "नव्या सुनेला भारी हौस कामाची."

सासऱ्यांची आणि माझी पहिली भेट मी विसरणार नाही. लग्नाआधी मी आणि माझे वडील त्यांच्याकडे गेलो होतो. चहा आला, वाफाळलेला. सासऱ्यांनी वडिलांच्या कपात साखर घातली आणि चमच्याऐवजी स्वतःचं बोट आत घालून ढवळली. सावकाश, वडिलांच्या डोळ्यांत बघत. मग बोट शर्टाला पुसलं आणि म्हणाले, "आमच्या घराण्याच्या अंगात दुखणं नाही." माझे वडील भाबडे. त्यांनी तो चहा संपवला, आणि घरी येताना मला म्हणाले, "माणूस तपस्वी दिसतो." माझा कप तिथेच निवत पडला होता.

सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या. घरात सत्ता दोघांची, सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ, ज्यांना सगळे धाकटे काका म्हणतात. सासऱ्यांच्या डाव्या पायाला बोटं कमी आहेत. जखम चिघळली, काळी पडली, डॉक्टरांनी बोटं काढून टाकली. ते सांगताना ते म्हणतात, "फालतू बोटं होती, गेली." धाकटे काका जेवणाच्या टेबलाशी बसून ब्लेडनं टाचेचं जाड कातडं तासतात. शेजारी बिस्किटांचा डबा उघडा असतो. मी एकदा डबा उचलून आत ठेवला तर म्हणाले, "काय गं, कातडं उडून जातंय होय डब्यात?" गेलेलंच होतं. मी तो डबा बाहेर रिकामा केला आणि घासायला घातला.

हे दोघं भाऊ एकत्र बसले, की जुन्या जखमांची उजळणी चालते. कोण खिळ्यावर दिवसभर उभा होता, कुणाची पाठ तापलेल्या पाइपला टेकून राहिली आणि वास सुटला तेव्हा कळलं. लोक लग्नातल्या गमती सांगतात तसं सांगतात. मी या घरात आल्यावर सुरुवातीला वाटायचं, पुरुषांची फुशारकी असते, वाढवून सांगतात. मग कळलं, की वाढवून काहीच सांगत नाहीत.

आणि पायऱ्यांचा खेळ. आमच्या घराचा जिना सिमेंटचा आहे, खाली उघडं, फरशीचं अंगण. सुट्टीच्या दिवशी घरातलं पोर जिन्यावर चढवायचं आणि खाली उडी मारायला लावायचं. पहिल्या पायरीवरून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ज्या पायरीला पोर रडलं तिथे त्याचा खेळ संपला. प्रत्येकाची पायरी घरात ठरलेली असते. सासऱ्यांची सगळ्यात वरची. माझ्या नवऱ्याची दुसरी, कारण आमचे हे तिसरीवर रडले होते. म्हणून त्यांची किंमत घरात आजही तशी बेताचीच. कुठल्याही गोष्टीत त्यांचं मत कुणी विचारत नाही, आणि तेही पेपरातून मान वर काढत नाहीत. माझी दोन्ही मुलं तिसऱ्याच पायरीला भोकाड पसरून मोकळी झाली. धाकटे काका म्हणाले, "आईवर गेली." मी म्हटलं, "हो, देवाची कृपा." मला आपलं रोज सकाळी देवापुढे दोन मिनिटं उभं राहायची सवय आहे. त्या दिवशी संध्याकाळीही उभी राहिले.

ताईची मुलगी मात्र आपली निघाली. आपली म्हणजे त्यांची. तिला सगळे ठकी म्हणतात, पहिलीत आहे. पडली तरी रडत नाही, हे ती चालायला लागली तेव्हापासूनचं कौतुक. आजोबांची ती वाघीण. मला दिसायचं ते वेगळं. तिच्या खालच्या ओठाला आतून सतत जखम, कारण ती तो चावून ठेवायची आणि तिला कळायचं नाही. जिभेच्या टोकाला खाच. गुडघ्याच्या खपल्या ती नखांनी काढून बसायची, रक्त यायचं ते बघत बसायची, जसं कुणी दुसऱ्याच्याच गुडघ्याकडे बघावं. मी बोलले तर ताई म्हणायची, "मी पण अशीच होते गं. काही होत नाही." आणि आपले ते हात हलवून दाखवायची.

गेल्या उन्हाळ्यात धुलाईखान्यात वास यायला लागला. आधी वाटलं, एखाद्या टोपलीत उंदीर मेला असेल. मुकादमानं सगळ्या टोपल्या हलवल्या, रोलरखाली बॅटरी मारून बघितलं. उंदीर नाही. वास कुजका, गोडसर, नाकात चिकटून राहणारा. जेवणाचा डबा उघडवेना. मावशीनं रुमालानं नाक बांधून काम सुरू केलं, आणि तिच्याच लक्षात आलं, की वास जागेवर राहत नाही. ताई पाणी प्यायला गेली की वास पिंपाशी जातो, परत आली की रोलरपाशी येतो. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी दाखवलं. म्हणाली काही नाही. एवढी बोलण्यात पट्टीची बाई, पण तेव्हा गप्प बसली, त्याबद्दल मी तिला मानते.

मी ताईला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. "बूट काढ."

"कशाला?"

"काढ तू आधी."

तिनं कॅनव्हासचा बूट काढला. मोजा निघेना, चिकटला होता. ओढला तेव्हा त्याच्याबरोबर कातडीचा एक पांढरा, भिजलेला तुकडा आला, आणि खाली तळव्याला एक खड्डा, कडेनं हिरवट, मधे काळा. खड्ड्यात काहीतरी चकाकलं. गठ्ठ्यांना नंबराची चिठ्ठी लावायला आम्ही मोठ्या सेफ्टी पिना वापरतो, त्यातली एक. उघडी, आडवी रुतलेली. बुटात कधी पडली, किती दिवस ती त्यावर उभी राहून चादरी ओढत होती, देव जाणे. तिनं पाय उलटा करून बघितलं, बोटानं पिन हलवली आणि म्हणाली, "अय्या, ही इथे होय?" हरवलेली केसांची पिन सापडावी तशी.

मी बेसिनकडे पळाले आणि सगळं ओकले. ती एका पायावर लंगडत मागून आली आणि माझी पाठ चोळायला लागली. "वहिनी, तुला बरं नाहीये का? सकाळपासूनच तुझा चेहरा उतरलाय."

दारात मुकादम येऊन उभा. त्यानं पाय बघितला, नाकाला रुमाल लावला, आणि तरी हसला. मागे जमलेल्या बायकांना म्हणाला, "बघा, याला म्हणतात कामाची बाई. नाहीतर तुम्ही, सुई टोचली तरी रजा मागता."

मी म्हटलं, "बाजूला व्हा, नाहीतर तुमच्या बुटांवर ओकेन."

तो बाजूला झाला.

दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, तरुण, फार कमी बोलणारी. तिनं जखम साफ केली. तिनं कातडं कापलं, आत चिमटा घातला, आणि ताई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. डॉक्टरीण थांबली. तिनं ताईला डोळे मिटायला सांगितलं आणि पायांना, हातांना काय काय लावून बघितलं. कापूस लावला तो ताईला कळला. सुई टोचली ती कळली नाही. मग पाणी भरलेल्या दोन काचेच्या नळ्या आणल्या. एक हाताला लावली, "गरम का गार?" ताई म्हणाली, "गार." दुसरी लावली. "गार." दुसरी मी हातात घेऊन बघितली. चांगलीच गरम होती.

मग डॉक्टरीणबाईंनी घरातलं विचारलं, वडिलांचं, काकांचं. ताई उत्साहानं सांगत सुटली, बोटं गेली ते, चहात बोट घालतात ते. डॉक्टरीण ऐकत राहिली. नंतर तिनं सांगितलं, ते मला जसं समजलं तसं सांगते. दुखतंय, भाजतंय, असं आत कळवणाऱ्या नसा असतात. काही घराण्यांत त्या नसाच हळूहळू मरतात, कुणाच्या लहानपणापासून, कुणाच्या मोठेपणी. आईकडून, बापाकडून पुढे येतं, सगळ्या मुलांत येतंच असं नाही. लावलेला हात कळतो, पण चटका कळत नाही. मग जखम होते, कळत नाही म्हणून तिच्यावरच चालणं होतं, ती हाडापर्यंत जाते, मग बोट कापावं लागतं, मग पाय.

"औषध?" मी विचारलं.

"नसा परत आणायचं नाही. रोज बघायचं. पाय, हात, बूट, सगळं डोळ्यांनी बघायचं. जे कळत नाही ते बघून ठरवायचं." मग तिनं ताईला विचारलं, "मुलं आहेत?"

"एक मुलगी. ती माझ्याही पुढे आहे," ताई म्हणाली. अजूनही तोच, पहिला नंबर आल्यासारखा आवाज.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तिला घेऊन या. लवकर. लहान मुलं उड्या मारतात, पळतात. त्यांचे सांधे आतल्या आत मोडतात आणि ती खेळतच राहतात. मग पाय कायमचा जातो."

घरी मी सगळं सांगितलं. सासरे आरामखुर्चीत बसले होते. म्हणाले, "डॉक्टरांचं पोट कशावर चालतं? आजारी माणसांवर. नसली तर ते करतात."

"बाबा, तुमची बोटं गेली ती याच्यानंच."

"माझी बोटं माझी मी दिली. आणि सूनबाई, घराण्याच्या रक्ताला रोग म्हणताना जरा विचार कर. देवानं दिलेलं कवच आहे हे."

"देवाचं नाव यात नको, बाबा," मी म्हटलं. मी सासऱ्यांना सहसा उलटून बोलत नाही. पण देवानं माणसाला दुखणं दिलं ते काही उगाच नाही, हे मला त्या बेसिनवर वाकून ओकताना पक्कं कळलं होतं. माझ्या पोटानं सांगितलं होतं, की इथे काहीतरी सडतंय. जिला दुखायला हवं होतं ती बाई माझी पाठ चोळत होती.

ताई पाय उशीवर ठेवून पडली होती. तिनं सगळं ऐकलं. रात्रीच्या जेवणाला मी ताट नेलं तेव्हा म्हणाली, "राहू दे वहिनी. मी माझा पाय सांभाळीन. ठकीला नको न्यायला. उद्या शाळेत कळलं तर पोरं रोगट म्हणून चिडवतील. आता कशी, सगळ्यांत पुढे असते."

"पाय गेल्यावर कशी पुढे असेल?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी रोज विषय काढला, ती रोज उद्या म्हणाली. एकीकडे मला दिसत होतं, ठकी वेगळीच चालतेय, बदकासारखी, एक पाऊल बाहेर टाकून. शाळेतून कुणाची तरी नक्कल शिकून आली असेल, असं सगळे म्हणाले. सासरे तर तिला तसं चालायला लावून हसायचे.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात खेळ सुरू झाला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून धप्प असा आवाज यायचा, मग टाळ्या, मग धाकट्या काकांचा आवाज, "चल, अजून एक वर." मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. आमचे हे कट्ट्यावर पेपर वाचत होते. सासरे खुर्चीत, काका जिन्याशी, ताई बँडेजचा पाय स्टुलावर टाकून. आणि ठकी उडी मारून फरशीवर उतरली होती. हसत होती. तिचा उजवा घोटा गुडघ्याएवढा जाड झाला होता. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, आणि घोट्याचं हाड जिथे असायला हवं तिथे नव्हतंच. ती त्याच पायावर भार देऊन पुन्हा जिना चढायला निघाली, आणि पाऊल खाली असं दुमडलं, की माझ्या हातातला ट्रे हिंदकळला.

"ठकी, थांब. उभी राहू नकोस. बस खाली."

"झालं. डॉक्टरीणबाई आल्या," धाकटे काका म्हणाले.

"काका, तिचा पाय बघा. सुजलाय, वाकडा झालाय."

"मुरगळला असेल. पोरांचे पाय मुरगळायचेच."

सासरे उठून आले, वाकले आणि घोट्यावर हात ठेवला. जाणत्यासारखे डोळे मिटून जरा वेळ धरून राहिले. "गार आहे," ते म्हणाले. "हाडाला काही झालं असतं तर तापलं असतं. गार म्हणजे गार."

काकांनी हात लावला. "एकदम गार."

ताई बसल्या जागेवरून वाकली, तिनंही लावला, आपला तो चट्ट्यांचा तळवा. तिनं खरंच मनापासून लावला, आईनं लावावा तसा. "गारच आहे गं वहिनी."

मी ट्रे ठेवला आणि हात लावला. तव्यावरून हात मागे यावा तसा माझा हात मागे आला. तो घोटा आत पेटल्यासारखा तापला होता. आणि माझ्यासमोर ते तीन चेहरे, तपासणी झाली म्हणून समाधानानं बसलेले. चटकासुद्धा न कळणारे तीन हात, त्यांनी एकमेकांना ग्वाही दिली होती. मला भयंकर तिटकारा आला. ही पोटातली मळमळ नव्हती. हा तिटकारा वेगळा, वर डोक्यात चढणारा.

मी ताईसमोर खाली बसले. "ताई, दवाखान्यातल्या त्या दोन नळ्या आठव. तू दोन्ही गार म्हणालीस. दुसरीत गरम पाणी होतं. मी हातात घेऊन बघितली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं आपला हात उलटा करून बघितला. मग सासऱ्यांचा हात, जो अजून ठकीच्या पायावर होता. बराच वेळ बघितला. ठकी म्हणाली, "आई, मी अजून एक उडी मारू?"

"दादा," ताईनं हाक मारली. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली. "दादा, तू इकडे ये. तू हात लाव."

सासरे हसले. "त्याला काय कळतंय?"

"त्यालाच कळतंय, बाबा," ताई म्हणाली.

हे आले. अवघडल्यासारखे गुडघ्यावर बसले आणि दोन बोटं घोट्यावर टेकवली. त्यांचा चेहरा बघूनच कळलं. "तापलाय गं," ते म्हणाले. "फार तापलाय." आणि या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी दुसरीकडे तोंड फिरवलं, घरात कुणी नागवं फिरताना दिसावं तसं.

ताईनं सासऱ्यांचा हात ठकीच्या पायावरून उचलला आणि बाजूला ठेवला. "दादा, तिला उचल. रिक्षा बघ. पायाला लागू देऊ नकोस तिच्या."

दवाखान्यात फोटो काढला. हाड मोडलेलं होतं, नवं नाही, जुनं. मोडून ती त्याच्यावर चालत होती, शाळेत जात होती, उड्या मारत होती. हाडाची टोकं घासून गुळगुळीत झाली होती. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून दाखवला. म्हणाल्या, सांधा थोडा खराब झालाय, पण वाचेल. अजून काही आठवडे असंच चाललं असतं, तर नसता वाचला. पायाला प्लास्टर घातलं, तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि पाऊल टेकवायचं नाही असं बजावलं. ठकीनं प्लास्टरवर काय काय काढायचं याची यादी करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सासरे आणि काका भेटायला आले. मला वाटलं होतं, थोडी तरी लाज वाटली असेल. काकांनी आल्या आल्या प्लास्टरवर बोटांनी दार वाजवल्यासारखं टकटक केलं. "रडली का? नाही ना?" सासरे शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडे वळले. "मोडलेलं हाड घेऊन उड्या मारत होती आमची नात. एक हुंदका नाही." त्या बाई बिचाऱ्या, ओळख ना पाळख, म्हणाल्या, "हो का? धीराची आहे." सासऱ्यांची छाती फुगली. ते पहिल्यापासून सांगायला लागले, कितव्या पायरीवरून, कशी.

ताई कुबडी घेऊन उठली. तिलाही पाऊल टेकायची परवानगी नव्हती. ती त्यांच्यात आणि त्या बाईंमध्ये जाऊन उभी राहिली. "बाबा, हे पुन्हा कुणाला सांगायचं नाही."

"का? कौतुकच करतोय की."

"मला ऐकून उलटी येते," ताई म्हणाली. "खरंच येते. तुम्ही जा आता. काकांनाही न्या."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, हे सगळं मी पढवलंय अशा नजरेनं. मी त्यांना खुर्चीही दिली नव्हती. ते गेले. जाताना ठकीच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकले, तर ताईनं कुबडी मध्ये धरली.

मग ती खाटेच्या कडेवर बसली. मला म्हणाली, "वहिनी, पडदा ओढ. हिचे कपडे काढ आणि हिला पूर्ण बघ. दुसरा पाय, हात, पाठ, केसात, तोंडात, सगळीकडे. जिथे काही असेल तिथे हात लावून सांग. गरम आहे का, सुजलंय का, दुखलं असतं का."

"आत्ता?"

"आत्ता. मी कधी बघितलंच नाही गं. ती रडत नव्हती, म्हणून मी बघितलं नाही."

मी पडदा ओढला. ठकीला वाटलं, काही नवा खेळ आहे, ती हसत उताणी पडली. मी तिच्या डाव्या पायापासून सुरुवात केली. टाचेत काचेचा बारीक तुकडा, वर कातडी बंद झालेली. गुडघ्यामागे भाजल्याचा डाग, फोड फुटून पिवळा झालेला. डाव्या मनगटाला एक गाठ, तीही गरम. गालाच्या आतून मांस कुरतडलेलं, दाताच्या खुणांसकट. मी एकेक सांगत गेले, जसं दिसलं तसं, काही मऊ न करता. ताई तोंडावर हात दाबून ऐकत होती. मधे एकदा तिनं खुणेनं बादली मागितली. मी दिली, तिची पाठ धरली, आणि ती तोंड पुसून म्हणाली, "पुढे सांग."